विहारातल्या खुर्च्या वाढल्या, गुडघे मात्र कोणाचे बदलले?

आषाढ पौर्णिमेपासून आमच्या वस्तीतल्या विहारात वर्षावासाचे ग्रंथवाचन सुरू होते. पंधरा-वीस वर्षांपूर्वी दोन सतरंज्या अंथरल्या की काम भागत असे. पांढऱ्या साड्या नेसलेल्या उपासिका मांडी घालून बसायच्या, पंचांग प्रणामाला वाकायच्या आणि कोणाचा हात न धरता उठायच्या. खुर्ची एकच असे, ती वाचन करणाऱ्यासाठी. यंदा भिंतीला लागून लाल प्लास्टिकच्या खुर्च्यांची रांग लागलेली पाहिली. सहज मोजल्या, तर सव्वीस भरल्या. सतरंजीवर बसायला माणसे कमी आणि खुर्चीला भांडणे जास्त, अशी गत झाली आहे. ज्या बायांनी नामांतराच्या मोर्चात मैलोनमैल पायपीट केली, त्यांना आता विहाराच्या तीन पायऱ्या चढताना कठड्याचा आधार लागतो.

त्या खुर्च्यांवर बसणाऱ्यांत मला दोन प्रकारच्या बाया दिसल्या. एका ताईंचे यजमान सरकारी खात्यातून वरच्या पदावरून निवृत्त झालेले. ताईंनी दोन्ही गुडघे बदलून घेतले, खर्चाचा मोठा भाग खात्याने परत दिला. त्या आता जिने चढतात, नातीला शाळेत सोडतात. दुसरी मावशी, आयुष्यभर रस्ता झाडणारी, पण कायम नोकरीतली नव्हे, ठेकेदाराकडची. तिचा उजवा गुडघा धनुष्यासारखा बाहेर वाकला आहे. डॉक्टरांनी तिलाही तेच सांगितले, गुडघा बदला. ती हसून मला म्हणाली, "साहेब, आधी ठेकेदार बदलायला सांगा." वस्ती एक, आजार एक, विहारही एकच. गुडघा मात्र एकीचा बदलला. हा लेख त्या फरकाबद्दल आहे.

सांधा बदलणे म्हणजे काय हे आधी समजून घेऊ, कारण आपल्या लोकांत याबद्दल भीती फार आणि माहिती थोडी. सांध्यात दोन हाडांची टोके एकमेकांवर घासू नयेत म्हणून त्यांवर कुर्चेचे गुळगुळीत अस्तर असते. ते झिजले की हाडावर हाड घासते. हाडांची खराब झालेली टोके कापून तेथे धातूचे आवरण आणि मधे टणक प्लास्टिकची गादी बसवायची, हे झाले गुडघ्याचे. खुब्यात मांडीच्या हाडाचा गोळा काढून धातूचा दांडा व गोळा बसवतात आणि कमरेच्या हाडात नवी वाटी बसवतात. अख्खा पाय कापून नवा लावतात असे समजणारी माणसे मला भेटली आहेत, म्हणून इतके सविस्तर लिहिले.

या शस्त्रक्रियेचा आधुनिक इतिहास सुरू होतो इंग्लंडमधल्या लँकेशायर परगण्यातील रायटिंग्टन रुग्णालयात. तेथे डॉ. जॉन चार्नली यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस टेफ्लॉनची वाटी वापरून खुबे बदलायला सुरुवात केली. तीन-चार वर्षांत टेफ्लॉन झिजून गेले आणि रुग्णांच्या वेदना परत आल्या. हा माणूस प्रामाणिक होता. त्याने आपली चूक लपवली नाही आणि त्या रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया केल्या. मग त्याच्या कार्यशाळेत एक विक्रेता एका नव्या प्लास्टिकचा तुकडा घेऊन आला. लँकेशायरच्या कापड गिरण्यांत मागाची दातेरी चाके त्या प्लास्टिकची बनत. चार्नली यांनी तो तुकडा आधी हिणवला, पण त्यांच्या सहायकाने तपासून पाहिला तर तो झिजता झिजेना. नोव्हेंबर १९६२ मध्ये त्या पॉलिइथिलीनची पहिली वाटी रुग्णाच्या खुब्यात बसली. आज जगभर जे खुबे बदलले जातात ते मुळात याच तत्त्वावर.

मागाच्या प्लास्टिकची ही गोष्ट वाचताना मला मुंबईच्या गिरण्या आठवल्याशिवाय राहिल्या नाहीत. तेथे मागखात्यात, म्हणजे जेथे पगार जास्त त्या विणकाम विभागात, अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. का, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि तो विटाळे! १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. माग चालवायला आपल्याला बंदी होती आणि आता त्या मागाच्या प्लास्टिकपासून निघालेला खुबा परवडत नाही म्हणून बंदी आहे. पहिली बंदी निदान उघड तरी होती.

गुडघा बदलणे खुब्यापेक्षा अवघड, कारण गुडघा नुसता बिजागरीसारखा उघडमीट करत नाही, तो सरकतो आणि वळतोही. १९७० च्या दशकाच्या मध्यावर न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीत डॉ. जॉन इन्सॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जो पूर्ण गुडघा तयार केला, तो आजच्या बहुतेक गुडघ्यांचा पूर्वज ठरला. त्या सहकाऱ्यांत डॉ. चित्तरंजन राणावत हे मध्य प्रदेशातून गेलेले भारतीय होते. त्यांनीच ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा आणि जून २००१ मध्ये उजवा गुडघा बदलला. त्या दिवसांत वर्तमानपत्रांनी पंतप्रधानांच्या गुडघ्यावर इतके रकाने भरले की खेड्यापाड्यात 'गुडघा बदलता येतो' ही वार्ता पोहोचली. आपल्या देशात ही शस्त्रक्रिया मध्यमवर्गाच्या बोलण्यात आली ती तेव्हापासून.

त्यानंतरच्या काळात जगात काय बदलले ते पाहू. अमेरिकेत २०१० साली सुमारे ७० लाख लोक कृत्रिम सांधा घेऊन जगत होते. त्यांपैकी ४७ लाख गुडघेवाले आणि २५ लाख खुबेवाले, काहींचे दोन्ही. आरंभी खुबा पुढे होता, पुढे गुडघ्याने त्याला मागे टाकले. आधी सत्तरीच्या म्हाताऱ्यांनाच देत असत, आता पन्नाशीच्या माणसालाही देतात. चार्नलींच्या काळी रुग्ण काही आठवडे खाटेवर असे. आता त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभे करतात आणि तीन-चार दिवसांत घरी पाठवतात. सांधा टिकतो किती? २०१९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासानुसार, बदललेल्या पूर्ण गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के आणि खुब्यांपैकी सुमारे ५८ टक्के २५ वर्षे टिकतात. म्हणजे साठीत गुडघा बदलला तर बहुधा तो माणसाबरोबरच जातो. दहा वर्षांत निकामी होतो म्हणून घाबरवणाऱ्यांचे ऐकू नये.

आपल्याकडचे चित्र थोडे निराळे. इंग्लंडमध्ये खुबे आणि गुडघे जवळपास सारख्याच संख्येने बदलतात. भारतात गुडघेच कितीतरी पट जास्त. भारतातल्या पाच ठिकाणी शहरे आणि गावे घेऊन केलेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत चाळिशीपुढच्या २८.७ टक्के लोकांत गुडघ्याची झीज आढळली. २०१७ च्या सरकारी अंदाजाप्रमाणे देशात वर्षाला गुडघ्याच्या शस्त्रक्रिया होत होत्या एक ते दीड लाख. कोट्यवधी झिजलेले गुडघे आणि लाख-दीड लाख बदललेले! हे लाख-दीड लाख कोण, हा प्रश्न आपल्या चळवळीने विचारायचा की नाही?

अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी तो विचारला. ज्यांच्या ब्लॅक पँथरवरून १९७२ मध्ये आपल्या तरुणांनी दलित पँथर हे नाव घेतले, त्या काळ्या समाजाच्या गुडघ्यांचा हिशेब तेथे मांडला गेला. पासष्टीपुढच्या नागरिकांसाठी तेथे मेडिकेअर ही सरकारी विमा योजना आहे, म्हणजे पैशाचा अडथळा बराच दूर केलेला. तरीही २००३ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मधील अभ्यासाने दाखवले की काळ्या पुरुषांचे गुडघे बदलण्याचे प्रमाण गोऱ्या पुरुषांपेक्षा देशात जवळजवळ सगळीकडे कमी आहे. पुढे सरकारी आकड्यांतून आणखी एक गोष्ट बाहेर आली. २००० साली काळ्यांमधले प्रमाण गोऱ्यांपेक्षा ३७ टक्क्यांनी कमी होते, २००६ साली ते ३९ टक्क्यांनी कमी होते. सहा वर्षांत शस्त्रक्रिया दोघांच्याही वाढल्या, पण दरी तेवढीच राहिली, उलट किंचित रुंदावली. तंत्रज्ञान आले म्हणजे समता आपोआप येते असे मानणाऱ्या आपल्यातल्या भाबड्या विद्वानांनी हे दोन आकडे वहीत लिहून ठेवावेत.

हे आकडे निघाले, कारण तेथे रुग्णाचा वंश कागदावर नोंदला जातो. आपल्याकडे हाडांच्या सर्जन मंडळींच्या संघटनेने बदललेल्या सांध्यांची नोंदवही सुरू केली, पण तीत नोंद करणे ऐच्छिक आहे. स्वीडनने गुडघ्यांची राष्ट्रीय नोंदवही १९७५ साली सुरू केली, खुब्यांची १९७९ साली. आपल्याकडे कोणत्या जातीच्या, कोणत्या धंद्याच्या, कोणत्या वस्तीतल्या माणसाला सांधा मिळाला आणि कोणाला नाही, हे सांगणारा आकडा देशाच्या पातळीवर उपलब्ध नाही. आणि आकडा नाही म्हणून भेदभावही नाही, असे छाती पुढे काढून सांगायला मंडळी मोकळी! जनगणनेत जात मोजण्याचा निर्णय केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये घेतला, त्यासाठी आपण किती वर्षे भांडलो. जात मोजायची ती केवळ मतदारसंघाच्या बेरजेसाठी नव्हे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोट्यवधींचे दावे मंजूर होतात. त्या संगणकात रुग्णाचे शिधापत्रिकेपासून हाडाच्या एक्स-रेपर्यंत सगळे असते. जातीचा व व्यवसायाचा एक रकाना वाढवायला काय खर्च येतो?

व्यवसायाचा रकाना तर जातीइतकाच बोलका ठरेल. गुडघा झिजतो वयाने, वजनाने, जुन्या दुखापतीने, बायांमध्ये जास्त. हे कोणीही सांगेल. पण गुडघे टेकून, उकिडवे बसून आणि जड ओझी उचलून आयुष्य काढणाऱ्यांचे गुडघे जास्त झिजतात, हेही वैद्यकशास्त्राने सिद्ध केले आहे. आता ही कामे आपल्या देशात कोण करते? गटारे कोण उपसते, रस्ते कोण झाडते, ऊस तोडून मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर कोण चढते, वीटभट्टीवर उकिडवे बसून विटा कोण थापते? बाबासाहेबांनी सांगून ठेवले आहे की जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. मी त्यात एवढेच म्हणेन की ती झिजेचीही विभागणी आहे.

ब्रिटनमध्ये खाण कामगारांच्या संघटनांनी हा लढा लढवला. बुटक्या बोगद्यांतून गुडघ्यांवर रांगत कोळसा काढणाऱ्यांचे गुडघे जातात हे तेथल्या सरकारी सल्लागार मंडळाने २००८ साली मान्य केले आणि २००९ पासून कोळसा कामगारांची गुडघ्याची झीज हा व्यवसायजन्य आजार ठरला, त्यावर भरपाई मिळू लागली. पुढे गालिचे आणि फरश्या बसवणारेही त्या यादीत आले. आपल्याकडे १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत शिसे, पारा, सिलिकोसिस असे आजार होते, गुडघा नव्हता. तो कायदा आता नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत विरघळला, तरी यादीत गुडघा आला नाही. शंभर वर्षांत कायदा बदलला, यादी जवळपास तीच!

येथे बाबासाहेबांचे मजूरमंत्रिपद आठवते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणी पाहायला गेले आणि स्वतः खाणीत उतरले. पुढच्याच महिन्यात खाण कामगारांच्या कल्याणनिधीचा अध्यादेश निघाला. कामगारांच्या आरोग्यविम्यासाठी प्रा. अडारकर यांनी १९४४ मध्ये जो अहवाल दिला, तोही त्यांच्याच खात्याच्या कारकिर्दीत. त्यातूनच १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा उभा राहिला. मजुराचे शरीर ही राज्याची जबाबदारी आहे, उपकार नव्हे, हे तत्त्व त्यात होते. स्वतः बाबासाहेबांना मधुमेह आणि पायांच्या मज्जातंतूंच्या वेदनांनी अखेरची वर्षे छळले. नागपूरच्या दीक्षाभूमीवर ते काठी आणि सहकाऱ्याचा आधार घेऊन उभे होते. पायाचे दुखणे काय असते ते आपल्या उद्धारकर्त्याला पुस्तकातून कळले नव्हते.

महाराष्ट्रात १९६९ चा माथाडी कायदा झाला. पाठीवर शंभर किलोचे पोते नको, पन्नास किलोचे हवे, म्हणून पुण्याच्या हमाल पंचायतीने लढा दिला. हे गुडघ्याचे खरे औषध होते, कारण पोते हलके झाले की कुर्चा कमी झिजते. आता काम ठेक्यावर गेले. कायम सफाई कामगाराला दवाखाना, रजा, निवृत्तिवेतन. ठेक्यावरच्याला त्याच रस्त्यावर तोच झाडू आणि हातात काही नाही. आरक्षणाने ज्यांना नोकऱ्या मिळाल्या त्या पिढीचे गुडघे खात्याच्या पैशाने बदलले गेले. यात मत्सर करण्यासारखे काही नाही, तो त्यांचा हक्क होता. पण खासगीकरणाने तो हक्क पुढच्या पिढीच्या हातून निसटतो आहे आणि ज्यांचे गुडघे बदलून झाले ते आपले साहेबलोक या प्रश्नावर मोर्चात दिसत नाहीत, ही खंत लिहिल्यावाचून राहवत नाही.

आता खुब्याकडे येतो. खुब्याचे दुखणे आपल्या समाजाचे खास दुखणे आहे आणि त्यावर आपल्या व्यासपीठांवरून मी कधी भाषण ऐकलेले नाही. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आदिवासींत आणि आपल्या बौद्ध समाजात मोठ्या प्रमाणावर आहे. लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मांडीच्या हाडाच्या गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या मुळातच अरुंद. त्या बंद पडल्या की गोळा आतून मरतो, पिचतो आणि बसतो. पोरगा किंवा पोरगी वीस-पंचवीस वर्षांची असते. लंगडत चालू लागते. घरचे म्हणतात सांधेवात आहे, कोणी म्हणते नजर लागली, कोणी गंडा बांधते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतही हे चालते, हे आपण मान्य करायला हवे. चार-दोन वर्षे अशी वाया गेल्यावर एक्स-रे निघतो आणि डॉक्टर सांगतात, खुबा बदलावा लागेल.

पाश्चात्त्य देशांत खुबा बदलतात तो बहुतांशी म्हाताऱ्यांचा, झिजेमुळे. आपल्याकडे खुबा बदलणाऱ्यांत तरुण बरेच असतात, कारण हाडाचा गोळा मरणे हे येथे मोठे कारण आहे. दारू आणि स्टेरॉईड ही त्याची आणखी दोन कारणे. २०२१ च्या करोना लाटेत स्टेरॉईड घेतलेल्या काही रुग्णांचे गोळे नंतर मेल्याचे मुंबईच्या डॉक्टरांनी त्याच वर्षी नोंदवले होते. आता हिशेब करा. खुबा पंचवीस वर्षे टिकण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त. साठीच्या माणसाला ते पुरते. पंचविशीच्या पोरीला पन्नाशीत दुसरा खुबा लागणार, तो पहिल्यापेक्षा अवघड आणि महाग. शिवाय सिकलसेलच्या रुग्णाला शस्त्रक्रियेत जंतुसंसर्गाचा धोका अधिक, भूल देताना प्राणवायू कमी पडता कामा नये, रक्त तयार ठेवावे लागते. हे काम अनुभवी हातातच व्हायला हवे, गावातल्या कुठल्याही हाडवैद्याकडे नव्हे.

शस्त्रक्रियेची पाळी येण्याआधी पुष्कळ करता येते, हा यातला मुख्य मुद्दा. सिकलसेलच्या रुग्णाने जांघेत किंवा मांडीत दुखते म्हटले की एक्स-रेवर थांबू नये, एमआरआय करून घ्यावा, कारण सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ दिसतो. लवकर कळले तर हाडाला छिद्र पाडून आतला दाब कमी करण्याची छोटी शस्त्रक्रिया काही रुग्णांत गोळा वाचवते. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध नियमित घेतल्याने वेदनेचे झटके कमी होतात. ते स्वस्त आहे, पण दर महिन्याला मिळायला हवे. केंद्राचे सिकलसेल निर्मूलन अभियान जुलै २०२३ मध्ये सुरू झाले. सात कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवले गेले, भर आदिवासी भागांवर. आदिवासी बांधवांची तपासणी व्हायलाच हवी. पण नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूरच्या बौद्ध मोहल्ल्यांतली मुले त्या भराच्या बाहेर राहू नयेत, हे पाहणारा आपला एक तरी लोकप्रतिनिधी आहे का? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेलला दिव्यांगांच्या यादीत घेतले, पण त्याच कायद्याच्या नोकरीतल्या आरक्षणाच्या कलमात रक्ताचे आजार नाहीत. खुबा निकामी झाल्यावर चालण्याच्या अपंगत्वाखाली प्रमाणपत्र मिळू शकते. म्हणजे पोराने आधी लंगडे व्हावे आणि मग अर्ज करावा!

किमतीचे बोलू. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमती बांधून दिल्या. त्याआधी दीड लाखाच्या आसपास पडणारा कोबाल्ट-क्रोमियमचा गुडघा तेव्हा ५४,७२० रुपयांवर आला. नफा ३१३ टक्क्यांपर्यंत घेतला जात होता, हे प्राधिकरणानेच सांगितले. म्हणजे तोपर्यंत ज्यांनी जमिनी, दागिने विकून गुडघे बदलले, त्यांचे काय? तो आदेश गुडघ्यापुरता होता, खुबा त्यात नव्हता. आणि नुसत्या सांध्याची किंमत बांधली तर खोलीचे भाडे, भूल, तपासण्या यांची बिले फुगवायला रुग्णालयांना कोणाची आडकाठी? योजनेचे कार्ड असूनही आमच्या वस्तीतल्या एका कुटुंबाकडून 'चांगल्या प्रतीचा' सांधा हवा तर वरचे पैसे द्या, असे सांगून रक्कम मागितली गेली. त्यांनी दिली, पावती मिळाली नाही.

महाग म्हणजे चांगला, हा समज किती घातक ठरतो त्याचे उदाहरण एएसआर या खुब्याचे आहे. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीप्यू कंपनीचा हा खुबा धातूवर धातू घासणारा, 'तरुणांसाठी आधुनिक' म्हणून खपवलेला. धातूचे कण रक्तात उतरू लागले, आजूबाजूचे मांस सडू लागले. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय नोंदवहीत हे खुबे प्रमाणाबाहेर निकामी होत असल्याचे दिसले आणि तेथून ते २००९ मध्ये काढून घेतले गेले, जगभरातून ऑगस्ट २०१० मध्ये. जगात ९३,००० रुग्णांना तो बसला होता, भारतात सुमारे ४,७००. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने यात तक्रार नोंदवली, पण केंद्राची समिती नेमली गेली २०१७ मध्ये आणि तिला असे आढळले की साडेतीन हजारांहून अधिक रुग्णांचा पत्ताच लागत नाही. नोंदवहीच नाही, तर पत्ता कसा लागणार? २०१८ मध्ये ३० लाखांपासून सव्वा कोटीच्या आसपास भरपाईचे सूत्र ठरले, ज्यांचा पत्ता लागला त्यांच्यासाठी. आता रोबोटची जाहिरात आहे. रोबोट हाड अचूक कापतो हे खरे असेल, पण त्याने बसवलेला गुडघा अधिक वर्षे टिकतो हे अजून निर्विवाद सिद्ध झालेले नाही. पैसे मात्र आताच जास्त घेतात.

गरजेपेक्षा जास्त शस्त्रक्रिया होणे हेही याच बाजाराचे दुसरे टोक. डेन्मार्कमध्ये गुडघा बदलण्यास पात्र ठरलेल्या रुग्णांचे दोन गट करून २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रिया केलेल्यांचा फायदा निश्चितच जास्त होता. पण ज्यांना फक्त व्यायाम, आहार, बुटातला आधार व वेदनाशामक दिले, त्यांच्यापैकी वर्षभरात सुमारे एक चतुर्थांश लोकांनीच शस्त्रक्रिया मागितली. दुर्बिणीतून गुडघा 'साफ' करण्याचा धंदा तर अमेरिकेतल्या ह्यूस्टन येथे २००२ सालीच उघडा पडला. काही रुग्णांना नुसती वरवर चीर देऊन टाके घातले, त्यांना आणि खरोखर साफ केलेल्यांना सारखाच आराम! तरीही आपल्याकडे जयंतीच्या मंडपालगत मोफत तपासणीचे शिबीर लावून गिऱ्हाईक नेणारे दलाल फिरतात. शिबिराला जावे, फाइल घरी आणावी आणि दुसऱ्या डॉक्टरला, शक्यतो सरकारी रुग्णालयातल्या, दाखवल्याशिवाय होकार देऊ नये. तोपर्यंत खुर्चीवर बसून पाय सरळ उचलून दहा मोजेपर्यंत धरावा, सकाळ-संध्याकाळ. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्यावरचा भार हलका होतो. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. हे फुकट आहे, म्हणून कोणी सांगत नाही.

पण मावशीचा गुडघा व्यायामाच्या पलीकडे गेलेला. विहार समितीच्या तरुणांनी कागद जमवले, योजनेतून सरकारी रुग्णालयात तिची शस्त्रक्रिया झाली, पाचव्या दिवशी ती घरी आली. घर म्हणजे दहा बाय बाराची खोली, निजायला जमीन. डॉक्टरांनी बजावले होते, खाली बसायचे नाही, मांडी घालायची नाही, उकिडवे तर अजिबात नाही. बदललेला गुडघा साधारण ११० ते १२० अंशांपर्यंत वाकतो, उकिडवे बसायला त्याहून कितीतरी जास्त वाकावे लागते. हा सांधा घडवला गेला खुर्चीत बसणाऱ्या आणि कमोड वापरणाऱ्या माणसांसाठी. वस्तीतल्या सार्वजनिक संडासात बारा भांडी आहेत, बाराही उकिडवे बसायची. दवाखान्यातून सुटीचा कागद देताना तिला हे कोणी विचारले नाही आणि आमच्याही कोणाच्या ध्यानात आले नाही.

पोरांनी विहारातली एक लाल खुर्ची नेली, बैठकीला गोल भोक पाडले आणि ती संडासात ठेवायला दिली. मावशी रोज ती खुर्ची सुनेच्या हातात देऊन तिच्यामागून जाते. बारापैकी एक भांडे कमोडचे करून द्यावे असा अर्ज आम्ही वॉर्ड ऑफिसात दोनदा दिला. पहिल्याची पोच आहे, उत्तर नाही. दुसऱ्यावर वस्तीतल्या एकशे चाळीस जणांच्या सह्या घेतल्या. त्यांत सत्तावीस अंगठे आहेत, आणि अंगठा उठवायला आलेल्यांपैकी बहुतेकींना टेबलापर्यंत हात धरून आणावे लागले.